विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन प्रशिक्षणाला घ्यायचे आहे. शासन त्यातला वाटा नेमका कोणासाठी उचलते?

फिक्स्चर (सातपूर, नाशिक):

नमस्कार. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझे यंत्रभाग तयार करण्याचे वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग यंत्रे), तीन सीएनसी लेथ, वडिलांच्या काळातला एक सरफेस ग्राइंडर आणि कंत्राटी धरून चोवीस माणसे, एवढाच पसारा. गेल्या उन्हाळ्यात जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी आले होते. महाविद्यालयाच्या पत्रात विद्यावेतनाचा उल्लेख नव्हता, मीही तो विषय काढला नाही, आणि मुले रोज सिन्नर व दिंडोरीहून एसटीने येत राहिली. पहिले दोन आठवडे त्यांची अडचणच वाटली, हे मान्य करतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांपैकी एकाने प्रत्येक जॉबवर इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचे बदलता येणारे टोक) किती नगांनंतर बदलला जातो याची नोंद ठेवायला घेतली, आणि फ्लॅन्जच्या एका जॉबवर आमचा ऑपरेटर निव्वळ सवयीने इन्सर्ट निम्म्या आयुष्यातच काढून टाकतो, हे त्या वहीमुळे आम्हाला कळले. शेवटच्या दिवशी मी दोघांच्या हातात तीन-तीन हजारांचे पाकीट ठेवले, पण ते देताना मलाच संकोच वाटला, कारण त्या वहीने वाचवलेले पैसे त्याहून पुष्कळ अधिक होते.

आता तेच महाविद्यालय शेवटच्या सत्रातील दोन विद्यार्थ्यांना पूर्ण सहा महिन्यांसाठी पाठवू इच्छिते. या वेळी फुकट राबवून घ्यायचे नाही, हे मी ठरवले आहे. प्रत्येकी दरमहा आठ हजार द्यायचे म्हटले तर दोघांचे सहा महिन्यांचे शहाण्णव हजार रुपये होतात. माझ्या मोठ्या ग्राहकांकडून बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, त्यामुळे ही रक्कम अशक्य नसली तरी जाणवणारी आहे.

शासन अशा प्रशिक्षणाचा काही भार उचलते असे ऐकून मी चौकशी केली, तर तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. आमचे हिशेबनीस म्हणाले की सरकार अर्धे विद्यावेतन देते. एका ग्राहक कंपनीच्या मनुष्यबळ विभागातील अधिकारी म्हणाले की पूर्ण देते, तुम्हाला खिशात हातही घालावा लागत नाही. उद्योजक मित्राने मात्र सांगितले की काहीही मिळत नाही, उगाच सरकारी पोर्टलच्या नादी लागू नका. तिघेही अनुभवी आहेत, आणि तिघेही एकाच वेळी बरोबर असणे शक्य दिसत नाही. ज्यांनी ही प्रक्रिया स्वतः केली आहे त्यांनी कृपया सांगावे की चोवीस माणसांच्या आस्थापनेला कोणती योजना लागू होते, पैसे आधी आपण भरून नंतर मागायचे असतात की परस्पर मिळतात, आणि उमेदवाराला पुढे कायम करण्याचे बंधन येते का.

हजेरीपट (पुणे):

फिक्स्चर साहेब, गंमत अशी की तिघांचेही म्हणणे खरे आहे. ते तीन वेगवेगळ्या मुलांबद्दल बोलत आहेत, एवढेच. मी गेली चौदा वर्षे लहान आस्थापनांची पगारपत्रके आणि शिकाऊ उमेदवारांचे करार सांभाळते, आणि हा गोंधळ दर जून-जुलैत माझ्या टेबलावर येतो.

आपले हिशेबनीस ज्या अर्ध्या वाट्याबद्दल बोलतात तो राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेतील, म्हणजे ‘नॅट्स’मधील. तिचा पाया १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा हा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधराला दरमहा किमान ९,००० आणि पदविकाधारकाला किमान ८,००० रुपये विद्यावेतन द्यावे लागते, आणि त्यातील ४,५०० किंवा ४,००० रुपये केंद्र सरकार सोसते. हे किमान दर वाढवण्याची शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने २०२५ मध्ये केली आहे, म्हणून करार करण्याच्या दिवशी लागू असलेला दर पोर्टलवर पाहूनच आकडा लिहावा. आपल्या विभागाचे काम मुंबईत शीव येथील शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडून चालते. पूर्वी आस्थापनेने पूर्ण रक्कम देऊन नंतर अर्ध्या रकमेचा दावा दाखल करावा लागे, आणि तो परतावा येईपर्यंत लहान मालकाची दमछाक होत असे. आता सरकारी वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली आहे. आपण आपला वाटा बँकेतूनच द्यावा आणि दरमहा हजेरी पोर्टलवर वेळेत भरावी, कारण हजेरी अडली की मुलाचे पैसे अडतात आणि बोल आपल्याला लागतो.

आयटीआय उत्तीर्ण मुलासाठी वेगळी योजना आहे, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे ‘नॅप्स’. ती २०१६ मध्ये सुरू झाली; तिच्यात केंद्राचा वाटा विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये असतो.

ग्राहक कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेला ‘पूर्ण’ वाटा म्हणजे राज्य शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. जुलै २०२४ मध्ये तिचा शासन निर्णय निघाला. बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधर वा पदव्युत्तराला १०,००० रुपये दरमहा थेट खात्यात मिळतात. मुदत आधी सहा महिन्यांची होती, २०२५ मध्ये ती अकरा महिन्यांपर्यंत नेण्यात आली. उमेदवार अठरा ते पस्तीस वयाचा आणि महाराष्ट्राचा अधिवासी असावा लागतो, आस्थापना किमान तीन वर्षे जुनी असावी लागते, आणि उद्योगांना मनुष्यबळाच्या दहा टक्क्यांपर्यंतच प्रशिक्षणार्थी घेता येतात.

आता आपल्या मित्राचे ‘काहीही मिळत नाही’. हे उत्तर आपल्या दोन मुलांना लागू होते, कारण ती अजून शिकत आहेत. राज्याच्या योजनेत शिक्षण चालू असलेला उमेदवार अपात्र ठरतो. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या मूळ अटींतही पूर्ण वेळ शिकणाऱ्याला जागा नव्हती, शिवाय ती देशातील आघाडीच्या पाचशे कंपन्यांभोवती आखलेली आहे. नॅट्स मुख्यतः उत्तीर्ण झालेल्यांसाठी आहे. अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी गुंफलेली असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्या महाविद्यालयाचे पत्र तसे दिसत नाही.

तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. आपण ऐच्छिक गटात येता. कायम करण्याचे बंधन कायद्यात नाही, फक्त प्रशिक्षण संपलेल्यांच्या भरतीबाबत प्रत्येक मालकाने आपले धोरण ठरवावे, अशी अपेक्षा २०१४ पासून आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. या कायद्याखाली नोंदलेला उमेदवार ‘कामगार’ धरला जात नाही, भविष्य निर्वाह निधीच्या व्याख्येतूनही तो वगळलेला आहे, आणि कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची तरतूद त्याला लागू होते. महाविद्यालयाच्या साध्या पत्रावर आलेल्या विद्यार्थ्याला हे कवच आपोआप मिळत नाही. त्याला तुम्ही यंत्रावर उभे करून उत्पादन काढून घेतले, तर उद्या तपासणीला आलेला अधिकारी त्याला कामगारच म्हणेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

फिक्स्चर:

ताई, इतक्या नेमकेपणाने कोणीच सांगितले नव्हते. मनापासून आभार.

मात्र यातून जे चित्र दिसते ते मला उलटे वाटते. ज्याचे शिक्षण संपले आहे आणि जो खरे तर नोकरीच शोधतो आहे, त्याच्यासाठी अर्धे किंवा पूर्ण पैसे आहेत. ज्याला परीक्षेच्या आधी शॉप फ्लोअर, म्हणजे प्रत्यक्ष कारखाना, दिसला तर अभ्यासाचा अर्थ कळेल, त्याच्यासाठी काही नाही. शिवाय माझा मोठा खर्च विद्यावेतनाचा नाहीच. माझा सेटर, म्हणजे यंत्रावर काम जुळवून देणारा कारागीर, त्या मुलांजवळ दिवसातला दीड तास उभा राहतो, तेवढा वेळ त्याचे यंत्र थांबते किंवा दुसऱ्याच्या भरवशावर चालते. त्या दीड तासाची किंमत कोणत्या योजनेत मोजली जाते का?

माजी प्रशिक्षणार्थी (वाशीम):

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून राज्याच्या योजनेतून अकरा महिने एका आस्थापनेत होतो. नाव सांगत नाही, कारण तेथील माणसे वाईट नव्हती. विद्यावेतनाचे दहा हजार रुपये सर्वस्वी शासनाकडून येत होते, आणि माझ्या मते खरी अडचण तेथेच होती. मालकाला माझा एक रुपयाही पडत नव्हता, म्हणून माझा दिवस वाया गेला तरी त्याचे काही जात नव्हते. पहिला महिना झेरॉक्स आणि जावक नोंदवही यांत गेला. दुसऱ्या महिन्यात जीएसटीची विवरणपत्रे भरायला शिकवा अशी विनंती केली, तेव्हा लेखापाल म्हणाले की तू सहा महिन्यांनी जाणार, तुला शिकवून आमचा काय फायदा. मुदत वाढल्याचे कळले तेव्हा मला आनंद झाला, पण शिकवणे वाढले नाही. जावक नोंदवही मात्र पाठ झाली.

माझा मित्र त्याच सुमारास नॅट्समधून एका मध्यम कारखान्यात लागला होता. त्याच्या मालकाच्या खिशातून दरमहा साडेचार हजार जात होते. ती रक्कम फार नाही, पण पहिल्या आठवड्यातच त्याला विचारण्यात आले की तुला काय येते, आणि काय शिकल्यावर तू आम्हाला उपयोगी पडशील. अर्धे पैसे मोजणाऱ्याला हा प्रश्न सुचतो, फुकट मिळालेल्या माणसाबद्दल तो सहसा सुचत नाही. ‘पूर्ण’ वाटा ऐकून मोह होईल, पण फिक्स्चर साहेबांनी तिकडे जाऊ नये असे मला वाटते.

विद्यार्थ्याच्या बाजूचे आणखी एक गणित आहे, ते योजना आखणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या मूळ आखणीत दरमहा पाच हजार होते, त्यातले साडेचार हजार सरकारचे आणि पाचशे कंपनीचे. शिवाय सुरुवातीला एकदाच सहा हजार. पहिल्या फेरीत कंपन्यांनी सुमारे १ लाख २७ हजार जागा दाखवल्या, ८२ हजारांहून अधिक मुलांना प्रस्ताव गेले, सुमारे २८ हजारांनी ते स्वीकारले, आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते पावणेनऊ हजारांच्या आसपास. त्यामागे अनेक कारणे असतील, पण माझ्यासारख्या मुलाला पहिले कारण शोधावे लागत नाही. वाशीमहून चाकणला जाऊन खोलीचे भाडे, मेसचा डबा आणि बसभाडे हे सगळे पाच हजारांत बसत नाही. घरून पैसे मागवून प्रशिक्षण घ्यावे लागले, तर ते ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाच मिळते. सिन्नर-दिंडोरीहून येणारी मुले आपल्याकडे टिकली, याचे श्रेय मी एसटीला देईन.

ग्रँड नदीकाठी (किचनर, ओंटारिओ):

फिक्स्चर साहेबांना जे उलटे वाटले, ते कॅनडात सुलटे आहे, म्हणून लिहीत आहे. मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या येथे स्वयंचलित यंत्रसामग्री बनवणाऱ्या साठ माणसांच्या कंपनीत उत्पादन विभाग पाहतो. शेजारच्या वॉटरलू विद्यापीठाने १९५७ मध्ये स्थापनेपासूनच एक सत्र वर्गात आणि एक सत्र कामावर अशी ‘को-ऑप’ पद्धत धरली; त्यामुळे या भागातील लहान कंपन्यांनाही दर चार महिन्यांनी नवा विद्यार्थी घेण्याची सवय आहे.

कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१७ मध्ये विद्यार्थ्यांच्या कामावरील प्रशिक्षणासाठी वेतन-अनुदानाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात नोंदणीकृत विद्यार्थी घेणाऱ्या मालकाला वेतनाच्या पन्नास टक्के, कमाल पाच हजार डॉलर मिळतात. विद्यार्थी पहिल्या वर्षाचा असेल, मूलनिवासी असेल, अपंग असेल, देशात नवागत असेल किंवा विज्ञान-तंत्रज्ञान शाखेतील मुलगी असेल, तर सत्तर टक्के, कमाल सात हजार डॉलर. पदवी हातात पडली की हे अनुदान संपते. म्हणजे भारतातील योजनांत ज्याला दाराबाहेर ठेवले जाते, त्याच्याचसाठी येथे दार आहे. ओंटारिओ प्रांत त्याशिवाय को-ऑप विद्यार्थ्याच्या प्रत्येक सत्रामागे तीन हजार डॉलरपर्यंतची करसवलत देतो.

टक्केवारी ऐकून मात्र फसू नये. ताशी बावीस डॉलर दराने आठवड्याला साडेसदतीस तास, असे सोळा आठवडे धरले तर वेतन तेरा हजार दोनशे डॉलर होते. त्याचे पन्नास टक्के सहा हजार सहाशे, पण मर्यादा पाच हजारांची. म्हणजे प्रत्यक्ष हातभार अडतीस टक्क्यांच्या आसपास. तोही आधी मिळत नाही. विद्यार्थी रीतसर पगारपत्रकावर येतो, किमान वेतन आणि सगळ्या कपाती त्याला लागू होतात, आणि वेतन दिल्याचे पुरावे जोडल्यावर अनुदान येते. ही रक्कम सरकार स्वतः वाटत नाही. माहिती तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, पर्यावरण अशा क्षेत्रनिहाय संस्थांमार्फत ती येते, आणि आर्थिक वर्षाचा निधी संपला की त्या संस्था अर्ज घेणे थांबवतात. आमच्याकडे एकदा विद्यार्थी रुजू झाल्यानंतर निधी संपल्याचे कळले. त्याला अर्थातच काढले नाही, पण पुढच्या सत्रात मालकांनी हात आखडता घेतला.

सुरुवातीच्या वर्षांत या कार्यक्रमात एक कडक अट होती, ती मला आजही योग्य वाटते. मालकाने आधीच्या पातळीपेक्षा वाढीव जागा निर्माण केल्या तरच अनुदान मिळे. जो विद्यार्थी तुम्ही एरवीही घेतलाच असता, त्याचे पैसे सरकारने का द्यावेत, हा त्यामागचा विचार होता. कोविडच्या काळात ती शिथिल झाली. अट कठोर असली की लहान मालक कागदपत्रांना कंटाळून दूर राहतो, सैल असली की मोठ्या कंपन्या नेहमीच्याच जागांवर अनुदान घेतात. मध्ये कोठे थांबावे हे मलाही ठरवता आलेले नाही.

आपल्या लोकांसाठी एक सूचना. हे अनुदान नागरिक, कायम रहिवासी किंवा निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्या विद्यार्थ्यासाठीच आहे. पुण्या-नाशिकहून येथे शिकायला आलेल्या मुलासाठी मालकाला या कार्यक्रमातून काहीही मिळत नाही, आणि को-ऑपच्या काही जाहिरातींत तशी पात्रता उघडपणे मागितली जाते. मी स्वतः विद्यार्थी असताना तिसऱ्या मुलाखतीत मला हे समजले, तोपर्यंत दोष माझ्या इंग्रजीचा आहे असे मी समजत होतो. येथे येण्याआधी को-ऑपच्या भरवशावर फीचे गणित मांडणाऱ्या पालकांनी हे विचारात घ्यावे.

सेटरच्या दीड तासाबद्दल: कॅनडाचे अनुदानही वेतनावर मिळते, शिकवणाऱ्याच्या वेळेवर नाही. तो भार येथेही मालकच सोसतो.

खडू-फळा (सांगली):

मी महाविद्यालयात शिकवते आणि प्रशिक्षण व नियुक्ती कक्षाचे काम पाहते, त्यामुळे आमच्या बाजूची कबुली देणे भाग आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आले. चार श्रेयांकांसाठी एकशेवीस तास, असा सरळ हिशेब आहे. परंतु तितक्या विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या जागा आमच्या जिल्ह्यात नाहीत, आणि विद्यावेतनाची सक्ती केली तर आहेत त्या जागाही जातील, या भीतीने महाविद्यालये पत्रात तो विषय टाळतात. फिक्स्चर साहेबांना आलेले पत्र असेच असणार. याचा गैरफायदा घेऊन विद्यार्थ्याकडूनच शुल्क घेणारी आणि घरबसल्या प्रमाणपत्र देणारी दुकाने निघाली आहेत, आणि आमच्यापैकी काही जण ती प्रमाणपत्रे मुकाट्याने स्वीकारतात.

हजेरीपट ताईंनी ज्या अपवादाचा उल्लेख केला तो थोडा उलगडून सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदवी अभ्यासक्रमांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे उद्योगात घालवता येतात, महाविद्यालय, उद्योग आणि विद्यार्थी यांचा त्रिपक्षीय करार होतो, आणि त्या काळात विद्यार्थी असूनही नॅट्समधून विद्यावेतनाचा सरकारी वाटा मिळू शकतो. म्हणजे शिकणाऱ्यासाठी दार अगदीच बंद नाही, पण त्याची किल्ली महाविद्यालयाकडे आहे. अभ्यासक्रमाची रचना मुळातच तशी मंजूर झालेली हवी. चालू वर्षात एका पत्राने ते होत नाही.

वाशीमच्या मित्राशी मी पूर्ण सहमत नाही. पूर्ण अनुदानातूनही चांगले शिकवणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत, आणि स्वतःचे पैसे घालूनही विद्यार्थ्याला दिवसभर बर (कापलेल्या कडेवर उरलेला खरखरीत धातू) काढायला बसवणारे कारखानेही पाहिले आहेत. मालकाचा वाटा हा एक धागा आहे; दुसरा धागा म्हणजे शिकवण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे. प्रशिक्षणाची आठवडावार योजना दोन पानांत का होईना लिहून घ्यावी, तिच्याखाली आपल्या सेटरची आणि आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकाची सही असावी, आणि सहा महिन्यांत प्राध्यापकाने किमान तीनदा प्रत्यक्ष येऊन पाहावे. आमचे प्राध्यापक येत नाहीत ही तक्रार असेल तर ती रास्त आहे. पत्रातच तारखा मागून घ्याव्यात, म्हणजे टाळता येणार नाही. अपघात विमा विद्यार्थ्याच्या नावे आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे, आणि नसेल तर तो काढण्याचा आग्रह महाविद्यालयाकडे धरावा.

हजेरीपट:

खडू-फळा ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला माझे अनुमोदन. फिक्स्चर साहेब, विम्याच्या बाबतीत महाविद्यालयाच्या उत्तरावर थांबू नये. दोन विद्यार्थ्यांची वैयक्तिक अपघात पॉलिसी आपण स्वतः काढली तरी ती विद्यावेतनाच्या तुलनेत किरकोळ खर्चाची असते.

फिक्स्चर:

सर्वांचा ऋणी आहे. रविवारी हिशेबनीस आणि सेटर यांच्याबरोबर बसून पुढीलप्रमाणे ठरवले.

शेवटच्या सत्रातील दोन्ही विद्यार्थी आमच्या स्वतःच्या पैशांवर येतील, दरमहा आठ हजार रुपये बँकेतून. त्यांना उत्पादनाच्या आकड्यात धरणार नाही. मोजमाप, टूलच्या आयुष्याच्या नोंदी आणि एका फिक्स्चरचे (यंत्रावर भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाचे) नव्याने डिझाइन, एवढेच काम लिहून दिले आहे. विमा आम्ही काढतो आहोत. महाविद्यालयाला तीन भेटींच्या तारखा मागणारे पत्र गेले. उत्तर आले त्यात दोनच तारखा आहेत, तिसरी मागून घेतली आहे.

त्याशिवाय एक पदविका उत्तीर्ण मुलगी नॅट्समधून वर्षभरासाठी घेत आहोत. तिच्या आठ हजारांतले चार हजार आमचे असतील, आणि आस्थापनेच्या नोंदणीची कागदपत्रे कालच भरली. राज्याच्या पूर्ण अनुदानाच्या योजनेतही आमच्या दोन जागा बसल्या असत्या, पण सेटरने सरळ सांगितले की तिघांपेक्षा जास्त जणांना तो शिकवू शकत नाही, आणि त्याचे म्हणणे मी अंतिम मानले.

त्याच्या दीड तासासाठी कोणतीच योजना नाही, हे आता स्पष्ट झाले. म्हणून त्याला या काळात दरमहा दीड हजार रुपये शिकवणी भत्ता देण्याचे ठरले आहे. तो म्हणाला, पैसे ठीक आहेत, पण व्हीएमसीजवळ दुसरा मायक्रोमीटर घ्या, नाहीतर मुले माझाच मागत बसतील. मायक्रोमीटर आणायला माणूस पाठवला आहे.